पहिलं कासव कोणतं घ्यायचं?

या आठवड्यात इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून आला. "दादा, पहिल्यांदाच कासव पाळायचंय, कोणतं घेऊ?" कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजर सोफा ओरबाडते, कासव आपलं गप्प बसतं, असा हिशोब असणार. तर आज रत्नागिरीतून, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, त्यावरच बोलूया. पावसाचा इथे संबंध आहे, येतो त्याकडे.

आधी भाषेची एक गोची. इंग्रजीत जमिनीवरचं टॉरटॉइज, पाण्यातलं टर्टल. आपल्याकडे दोन्ही कासवच. त्यामुळे कोणी "कासव आहे, देतो" म्हणाला की हातात नक्की काय पडणार ते कळत नाही.

रील्समध्ये दिसतं ते पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं, म्हणजे स्टार कासव. ते घ्यायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर ते अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. "लकी असतं, वास्तूला चांगलं" असं सांगून चोरून विकतात. पोलीस दारात आल्यावर कुठली वास्तू चांगली राहते, तुम्हीच सांगा.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हा प्राणी कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळावरचा. आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात. अशा गार दमट हवेत त्याच्या फुफ्फुसांना संसर्ग होतो.

मग विहिरीतलं चालेल का? कोकणात पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची जुनी पद्धत आहे, आजीला विचारा. पण ते मऊ पाठीचं देशी कासवही अनुसूची १ मध्येच. नदीतून, शेतातून उचलून आणायचं नाही.

उरलं अक्वेरियमच्या दुकानातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. हे रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतलं. इथे खरी फसगत आहे. काचेच्या बरणीत गोड दिसणारं हे पिल्लू पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे ३० वर्षांचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आहे, मध्ये रिझाइन करता येत नाही. तुमची नोकरी पुण्याला लागली की टाकी आईच्या गळ्यात!

त्याला मोठी टाकी, फिल्टर, अंग शेकायला कोरडी जागा आणि ऊन लागतं. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, कारण काच यूव्हीबी किरणं अडवते. ते किरण आणि कॅल्शियम मिळालं नाही की कवच मऊ पडतं, वाकडं होतं. म्हणजे जून ते सप्टेंबर खास यूव्हीबी दिवा, आणि लाइट गेली की इन्व्हर्टर. शिवाय त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकणं बंद केलं ते लहान मुलं आजारी पडत होती म्हणूनच.

कंटाळा आला की लोक ते देवळाच्या तळ्यात सोडतात, वर पुण्य समजतात. ते तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि शेकायची जागा बळकावतं. जगातल्या १०० सर्वात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. तेव्हा माझं मत सरळ आहे: पहिलं कासव म्हणून स्लायडरही नको. तरीही घेणार असाल तर आधी वन विभागात चौकशी करा, विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आलेत. आणि घरात आधीच असेल तर कुठेही सोडू नका. वन विभागाची हेल्पलाइन आहे, १९२६.

कासवाचंच वेड असेल तर आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे समुद्री कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली. आता गावकरी घरात पाहुणे ठेवतात. फेब्रुवारी-मार्चनंतर सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात, आणि पिल्लं निघाली असली तर तळहातापेक्षा लहान ऑलिव्ह रिडले समुद्राकडे चालायला लागतात. नशीब नसेल तर टोपलीखाली काहीच नसतं, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवून जा. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू उचलायचं नाही. आणि मुक्कामाचं आधी फोन करून ठरवा, शनिवार-रविवारी जागा मिळत नाही.