शस्त्र कोणाच्या हाती?

(वाराणसी येथे संकठा घाटावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



काशीच्या या संकठा घाटावर उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला एका बाजूस बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट दिसतो, तर दुसऱ्या बाजूस काही पावलांवर नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो. सरदारांची सत्ता गेली, शस्त्रे गेली, दगड तेवढे उरले. परंतु आजचा विषय सरदारांच्या हरवलेल्या तलवारींचा नाही. ज्याच्या घरात तलवार कधी नव्हतीच, त्या शेतमजुराचा, दलिताचा, आदिवासीचा हा विषय आहे. आपल्या मुलाबाळांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा अधिकार त्याला आहे की नाही? आणि शस्त्रांवरील निर्बंध अधिकाधिक कडक करणारे कायदे नेमके कोणाला निःशस्त्र करतात?

बनारसचा धडा

या प्रश्नाचे पहिले उत्तर याच शहराने दिले आहे. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज पैशासाठी राजा चेतसिंगाच्या मानेवर बसला आणि शिवाला येथील वाड्यात त्याने राजाला नजरकैदेत ठेवले. तेव्हा गंगेपलीकडून आलेल्या रामनगरच्या सशस्त्र लोकांनी कंपनीचा पहारा कापून काढला व हेस्टिंग्जला चुनारकडे पळ काढावा लागला. हा उठाव पुढे चिरडला गेला. पण सशस्त्र प्रजेचे भय राज्यकर्त्यांच्या मनात कायमचे बसले.

शहाहत्तर वर्षांनी, ४ जून १८५७ रोजी, बनारसच्या छावणीत ३७ व्या देशी पलटणीला बंदुका खाली ठेवण्याचा हुकूम झाला. समोर गोऱ्या सैनिकांची रांग आणि तोफा सज्ज होत्या. निःशस्त्र झाल्यावर आपली कत्तल होणार, या भीतीने शिपायांनी बंदुका पुन्हा उचलल्या आणि तोफा धडाडल्या. त्या गोंधळात कंपनीच्या बाजूने उभ्या असलेल्या शिखांवरही मारा झाला. सूत्रे कर्नल नीलच्या हाती गेली, लष्करी कायदा पुकारला गेला आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे फासावर चढविली गेली. निःशस्त्रीकरण हे शांततेचे नव्हे, तर सूडसत्राचे पहिले पाऊल ठरले.

त्या भयातूनच लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा शस्त्र कायदा जन्मास आला. त्याच मार्च महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही झाला, ही गोष्ट पक्षाच्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी. जनतेच्या हातातील शस्त्र आणि जनतेच्या हातातील लेखणी, या दोहोंची साम्राज्यशाहीला सारखीच धास्ती वाटत होती. युरोपियनांना मात्र परवान्याच्या जाचातून सूट होती. म्हणजे शस्त्रे वाईट म्हणून हा कायदा झालेला नव्हता. शस्त्र कोणाजवळ असावे, हे ठरविण्यासाठी तो झाला होता.

स्वराज्यातील कायदा

या अपमानाची जाणीव राष्ट्रीय चळवळीला होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य करण्यात आला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी या हक्काचा घटनेत समावेश करावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकीय सत्तेने लादलेल्या निःशस्त्रीकरणाविरुद्ध अशी मागणी योग्य होती. परंतु स्वतंत्र देशात असा मूलभूत हक्क दिल्यास समाजकंटकही त्यावर दावा सांगतील, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते.

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. पण तो मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच. हक्क म्हणून शस्त्र कोणालाच मिळणार नसेल आणि अधिकाऱ्याच्या मर्जीने ते काहींनाच मिळणार असेल, तर ती मर्जी कोणाच्या बाजूने झुकेल?

१९५९ च्या शस्त्र कायद्याने १८७८ चा कायदा रद्द केला. त्याच्या चौदाव्या कलमात एक फार महत्त्वाची तरतूद आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येणार नाही. कागदावर हे कलम गरिबाच्या बाजूचे आहे. व्यवहारात मात्र परवान्याचा अर्ज ठाण्यातून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जातो, पोलिसांच्या अहवालावर अडतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याची हमी मागतो. ज्याच्या झोपडीला धड दार नाही, त्याने ती कोठून द्यावी?

सरकारी आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. म्हणजे शस्त्रबंदीच्या या देशात शस्त्रांची वाण नाही. २०१९ मध्ये कायदा आणखी कडक करताना संसदेत वाद गाजला तो एका व्यक्तीजवळ तीन शस्त्रे असावीत, दोन असावीत की एक, यावर. अखेर आकडा तीनवरून दोनवर आला. ज्याच्या घरी एकही शस्त्र नाही आणि ज्याच्या दारात दुसऱ्याची बंदूक येऊन उभी राहते, त्याचा प्रश्न या हिशेबात कोठे बसला? आणि जो गुंड कट्टा विकत घेतो, तो परवान्याच्या रांगेत कधीच नसतो. बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी फार मोठा भाग बिनपरवान्याच्या शस्त्रांनी होतो, हे सरकारी नोंदीच सांगतात. नवा निर्बंध त्या गुंडापर्यंत पोहोचत नाही. कायदा पाळणाऱ्या दुबळ्यापर्यंत तेवढा पोहोचतो.

बंदूक एकाच बाजूला

गंगेच्या या खोऱ्यात त्याचा परिणाम रक्ताने लिहिला गेला आहे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील शोण नदीकाठच्या लक्ष्मणपूर-बाथे गावात जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. २०१० मध्ये खालच्या न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरविले. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले. रात्री संरक्षण नाही, सकाळी न्याय नाही.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध लाल बावट्याखाली उभे राहिले, तेव्हा १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. सावकार-जमीनदारांच्या मदतीला सरकारी बंदूक धावली. वारल्यांच्या मदतीला त्यांच्या एकजुटीखेरीज काहीच नव्हते.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. १८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या कामगारांच्या तोफा हिसकावण्यास तिएरचे सैन्य गेले आणि त्यातून कम्यून उभा राहिला. शिकागोच्या जर्मन कामगारांनी स्वरक्षणासाठी सशस्त्र पथक उभारले, तेव्हा १८७९ मध्ये इलिनॉय राज्याने कायद्याने ते बंद पाडले, आणि १८८६ मध्ये, मे दिनाच्या लढ्याच्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९६७ मध्ये ओकलंडच्या काळ्या तरुणांनी पोलिसी अत्याचारांवर नजर ठेवण्यासाठी उघडपणे बंदुका बाळगल्या, तेव्हा गव्हर्नर रीगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर तत्परतेने सही केली. कामगारांनी आपली शस्त्रे कोणत्याही सबबीवर खाली ठेवू नयेत, असे मार्क्सने १८५० मध्येच बजावले होते.

मग काय अमेरिकेसारखा बंदुकांचा मुक्त बाजार हवा? मुळीच नाही. तेथे शाळांतील मुले गोळ्यांना बळी पडतात आणि शस्त्रांचे कारखानदार नफा मोजतात. तो नागरिकांचा अधिकार नव्हे, भांडवलदारांचा धंदा आहे. लग्नाच्या वरातीत गोळ्या झाडणाऱ्या धनदांडग्यांचेही समर्थन कोणी करू नये. व्यक्तिगत दहशतवादाशी तर कामगार चळवळीचे नाते कधीच नव्हते. लुटारूच्या बंदुकीपुढे संघटित जनता निराधार राहू नये, एवढाच येथे आग्रह आहे.

मागणी

त्यासाठी आधार हवा असेल तर तो देशाच्या कायद्यातच आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत तिसरा नियम स्पष्ट आहे. अत्याचारप्रवण भागात या जातीजमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना स्वसंरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तो सांगतो. डॉ. आंबेडकरांच्या आक्षेपाचे उत्तरही यातच सापडते: अत्याचाऱ्याचे शस्त्र काढून घ्या, पीडिताचे संरक्षण करा.

म्हणून लोकशाहीवादी शक्तींनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. नवे निर्बंध लादण्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांतील परवाने कोणत्या सामाजिक थरांकडे आहेत, त्याची यादी जाहीर करावी. १९९५ च्या तिसऱ्या नियमाची अंमलबजावणी करावी आणि ती का झाली नाही, याचा जाब जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा लागावा. चौदाव्या कलमातील गरिबाच्या बाजूची तरतूद मोडणाऱ्या प्रत्येक नकाराविरुद्ध शेतमजूर संघटनांनी अपील करावे.

शस्त्र सर्वांच्याच हातून सुटेल असा समाज उभारणे हेच समाजवादाचे ध्येय आहे. पण त्या दिवसाची वाट पाहताना शस्त्र फक्त शोषकाच्या हाती ठेवणे, याला शांतता म्हणता येणार नाही. ४ जून १८५७ रोजी बंदुका खाली ठेवण्याचा हुकूम मिळालेल्या शिपायांना हे कळले होते. लक्ष्मणपूर-बाथेच्या विधवांनाही ते कळले आहे. त्यांच्या बाजूने संघटितपणे उभे राहणे, हेच आजचे कर्तव्य आहे.