तान्हं, रांगतं आणि अंथरुणाला खिळलेलं

घरात कुणाला कसं जपायचं, हे आपले रोजचे शब्दच सुचवतात. तान्हं म्हणजे अंगावर पिणारं बाळ. पहिले 6 महिने त्याला फक्त आईचंच दूध द्या. पाणी, मध, बाळगुटी नको. रांगतं बाळ दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून नाणी, बटणं, औषधं उंचावर ठेवा. ओली बाळंतीण म्हणजे नुकतीच प्रसूत झालेली आई. तिला जास्त रक्तस्राव, ताप किंवा सतत उदासी जाणवली, तर लगेच दवाखान्यात न्या. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची कूस साधारण दर 2 तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. आणि या सगळ्यांची उठाबस करणाऱ्या माणसालाही रोज विश्रांती मिळेल, हे घरातल्या प्रत्येकानं पाहायलाच हवं.