अडनिड्या खोल्या आणि एक ओली भिंत
(आकाशवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ‘अडनिड्या खोल्यांची आणि भिंतींची सजावट’ असा जाहीर झालाय. कोपऱ्यात खांब घुसलेली खोली, डोक्यावरून आडवा बीम गेलेली खोली, तीन भिंतींना तीन दारं असलेली खोली, लांबुळकी अरुंद खोली, सगळं घेणार आहे मी. दहा मिनिटं मिळाली आहेत. त्यातली पहिली दोन मात्र मला ओलीवर बोलू द्या. कारण घरातली माणसं ज्या भिंतीला ‘अडचणीची’ म्हणतात, ती बऱ्याचदा आकाराने अडचणीची नसतेच. ती ओली असते.

काय होतं, श्रावणात भिंतीवर एक डाग उमटतो. मग पोपडे येतात. गणपतीला पाहुणे येणार म्हणून तिथे कॅलेंडर लागतं. दिवाळीला रंगारी येतो, खरवडतो, लांबी भरतो, दोन हात मारतो, छान दिसतं. पुढच्या श्रावणात डाग पुन्हा हजर. या वेळी जरा मोठा होऊन. असं दोन-तीनदा झालं की माणूस कंटाळतो आणि म्हणतो, ही भिंत झाकूनच टाका. मग वॉलपेपर येतो, पीव्हीसीचे पॅनेल येतात, कुणी प्लायवुडची सजावट करतं, कुणी सरळ भिंतभर कपाट ठोकतं. आणि त्याला आपण सजावट म्हणतो!

मंडळी, लोणच्याची बरणी तुम्ही कशी भरता? धुता, पुसता, उन्हात ठेवता, आत हात घालून बघता, हिंगाची धुरी देता, मग लोणचं भरता. बरणीत थेंबभर पाणी राहिलं तर वर्षभराचं लोणचं गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता कुणी म्हणालं, वहिनी, बरणी आतून ओली आहे, पण झाकण फार सुंदर आणलंय, लावून टाका घट्ट. लावाल तुम्ही? ओल्या भिंतीवर पॅनेल ठोकणं म्हणजे तेच झाकण आहे. आत अंधार, आत ओल, हवा नाही. बुरशीला आणखी काय लागतं? आणि बघा, बरणीच्या तोंडाला आपण दादरा बांधतो, साधं सुती फडकं. त्यातून हवा खेळते. जुन्या घरांना चुन्याची सफेदी असायची ती दादऱ्याच्या जातीची. भिंतीत पाणी गेलं तरी तिच्यातून उडून जायला वाट होती. ऑइलपेंट, प्लॅस्टिकचा कागद, पीव्हीसी ही सगळी फिरकीची घट्ट झाकणं. कोरड्या बरणीला खुशाल लावा, ओल्या बरणीला नको.

गावाकडच्या घरांचंही तेच. मातीत बांधलेली दगडाची भिंत असते, मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो, आणि घर ‘पक्कं’ करायचं म्हणून तिला सिमेंटचा गिलावा होतो. भिंतीतल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली की ते वर चढतं. पूर्वी ओल जोत्यापाशी होती, ती आता खिडकीच्या उंबऱ्याला येते. मग म्हणतात, सिमेंट चांगलं नव्हतं.

तर आधी पाणी शोधा. रंग नंतर. हे मी आज पुन्हापुन्हा म्हणणार आहे.

शोधायचं कसं? एक पेन्सिल घ्या. जुलैत डाग दिसला की त्याच्या कडेकडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. भिंत खराब होईल म्हणू नका, ती खराब झालेलीच आहे. या रेघा तुम्हाला सगळं सांगतात. डाग पावसाच्या झडीबरोबर वाढतो आणि उघडीप पडली की थबकतो, तर पाणी बाहेरून येतंय. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा, त्यामुळे पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत सगळा मार खाते. कोकणात पडवीला झाप बांधायचे ते काय शोभेसाठी नव्हे. डाग मे महिन्यातही तसाच ओला राहतो, तर पाण्याची नळी किंवा सांडपाण्याचा पाइप तपासा. जमिनीपासून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर आडवी लाट दिसते, तर पाणी जमिनीतून भिंतीत चढतंय. छताच्या कोपऱ्यात आहे आणि वर बाथरूम आहे, तर वरच्या काकूंना गोडीत विचारून त्यांच्या नहाणीचं तोंड बंद करा, मोरीत इंचभर पाणी एक दिवस तुंबवून ठेवा, आणि खाली पेन्सिलीची रेघ हलते का बघा. गोडीत विचारा म्हटलं मी. भांडून कुणी आपली मोरी दाखवत नाही.

दुसरी परीक्षा. डाग पडलेला भाग कोरड्या ब्रशने झाडून घ्या आणि फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस थांबा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या अंगाला धरलं तर ते खोलीतल्या हवेचं बाष्प आहे. तिथे गवंडी बोलावू नका. खिडकी उघडा, आणि पावसाळ्यात त्या खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळवणं थांबवा.

कोरडा ब्रश म्हटलं ते मुद्दाम. भिंतीवर जी पांढरी बुकटी येते, खार म्हणतो आपण, ती ओल्या फडक्याने पुसायची नाही. विटांतले, सिमेंटातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात आणि तेच रंगाला आतून ढकलतात. ओलं फडकं फिरवलं की क्षार विरघळून पुन्हा आत. झाडायचे आणि सुपलीत भरून टाकून द्यायचे.

बाहेरून पाणी येत असेल तर खोलीत काही करू नका. बाहेर जाऊन बघा. खिडकीचा उंबरा आतल्या बाजूला उतरता आहे का? ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्यांचं पाणी भिंतीवर ओघळतं का? एसीच्या नळीचं तोंड भिंतीलाच टेकलंय का? पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का? नुसती फांदी तोडून पिंपळ जात नाही, मूळ भिंतीत राहतं आणि पुन्हा फुटतं. गच्चीचा कोबा कुठे फुटलाय, पाण्याची मोकळी वाट कुठे पालापाचोळ्याने तुंबलीय, हे जूनच्या आधी बघायचं असतं. आता तुम्ही म्हणाल, हे काम सोसायटीचं. बरोबर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींत गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेकडे आहे, आणि संडास, बाथरूम, सिंक यांच्यातून होणारी आतली गळती सभासदाकडे. म्हणून तर पेन्सिल! सभेत नुसतं ‘आमच्याकडे गळतं’ म्हणण्यापेक्षा तारखा घातलेल्या रेघांचा फोटो सेक्रेटरींपुढे ठेवा. बाहेरचं की आतलं, हा अर्धा वाद तिथेच मिटतो.

आणि दिवाळीचा रंग. याबद्दल मला रागवायचं आहे. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो, आणि तुम्ही लगेच दिवाळीसाठी रंगारी बोलावता. नऊ इंची वीटभिंत चार महिने पाणी प्यायलेली असते. ती पंधरा दिवसांत वाळेल? उन्हात न ठेवलेली बरणी आहे ती. वरून हाताला कोरडी लागते एवढंच. ओल्या भिंतीला दिवाळीत नुसती सफेदी द्या, हवं तर तोरण जास्त मोठं लावा, आणि पक्कं काम होळीनंतर काढा. तेव्हा ऊन असतं, रंगाऱ्यांना घाईही कमी असते. नवा गिलावा केलात तर त्यालाही महिनाभर वाळू द्या. गवंडी गेला की दुसऱ्या दिवशी रंगारी, असं नाही. आणि ओल येणाऱ्या भिंतीवर पीओपी किंवा जिप्समचा गिलावा कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जिप्सम सततच्या पाण्यात मऊ पडतं.

बरं. काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत मला. म्हणजे दोन मिनिटांची... असो.

अरुंद खोली. वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, तेव्हा जागा नाही हे कारण मी ऐकणार नाही. लांबुळक्या खोलीत लांब भिंतींना फिका रंग द्या आणि टोकाच्या आखूड भिंतीला गडद. गडद भिंत पुढे आल्यासारखी वाटते आणि लांबी तुटते. सगळं सामान एकाच लांब भिंतीला लावा, दुसरी मोकळी सोडा, म्हणजे चालायला सरळ वाट राहते. याबद्दल बरंच आहे, पण पुढे जाते.

कोपऱ्यातला खांब. तो फोडायचा विचारसुद्धा करू नका, बिल्डिंग त्याच्यावर उभी आहे. खांब भिंतीच्या बाहेर नऊ इंच किंवा फूटभर येतो, तेवढ्याच खोलीच्या फळ्या शेजारी बसवा. पुस्तकांना नऊ इंच पुरतात. खांब आणि फळ्या एका पातळीत आल्या की खांब दिसेनासा होतो. दारांची खोली... तीन दारांपैकी एक तरी तुम्ही कधीच उघडत नाही, ते कायमचं बंद करा आणि चौकटीत फळ्या बसवा. ती कोनाड्यासारखी वापरता येते. दिव्याचं सांगायचं होतं, ते आज होत नाही.

बीम. बीमखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत, बीमच्या रुंदीइतकंच कपाट केलं की बीम त्या कपाटात जमा होतो, वेगळा डोळ्यांत खुपत नाही. कपड्यांच्या कपाटाला मात्र बावीस-चोवीस इंच खोली लागते, आणि बीम तर नऊ इंचांचाच असतो, तेव्हा तिथे उथळ कपाट, चादरी, पुस्तकं, देवघराचं सामान. फक्त हे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर पाठ भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंच हवा सोडा, खाली पाय लावा, म्हणजे वारा फिरेल. सुतार म्हणेल, ताई, कचरा जाईल मागे. जाऊ दे. आणि पाठीचं प्लाय लावण्याआधी त्या भिंतीवर जुलैतली रेघ... हो, हो, संपवते. रेघ बघितल्याशिवाय सुताराला आगाऊ पैसे देऊ नका.