दोन रुपयांचा कागद, तीन दिवसांची मजुरी

आज बोलूया तहसील कचेरीतल्या एका खोलीबद्दल. कागदोपत्री तिला अभिलेख कक्ष म्हणतात, आपण म्हणतो रेकॉर्ड रूम. कापडात बांधलेली दप्तरं, जुने सातबारे, फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक असं सगळं तिथे असतं.

तुम्ही म्हणाल, आपलं काय काम तिथे? राखीव जागेवर ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? मग जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावायचं, तरी जुना फेरफार शोधावा लागतो.

आणि बाईची खरी अडचण इथेच आहे. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी तिची जात वडिलांच्या घराण्यावरून ठरते. म्हणजे तिचा कागद माहेरच्या तालुक्यात. सासर चिपळूणला आणि माहेर पारनेरला असेल, तर नवऱ्याचं काम तासाभरात होतं आणि हिला घाट चढून जावं लागतं.

आता हिशोब मांडू. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी समजा जाऊन-येऊन तीनशे रुपये. बुडालेली मजुरी तीनशे. रिक्षा, चहा, जेवण शंभर. झाले सातशे. पहिल्या खेपेला कळतं, साहेब मीटिंगला गेलेत. दुसऱ्या खेपेला कळतं, गट नंबर नको, जुना सर्व्हे नंबर आणा. तिसऱ्या खेपेला कागद मिळतो. दोन हजार शंभर रुपये गेले, शेरडं शेजारणीकडे, पोरांची शाळा बुडाली ती वेगळीच. शिवाय कागद मोडीत निघाला, किंवा मराठवाड्यात उर्दूत निघाला, तर वाचणारा शोधायचा. कितीतरी जणी दुसऱ्या खेपेनंतर नाद सोडतात. हक्क कुणी हिरावून घेत नाही, तो प्रवासातच संपतो.

म्हणून जायच्या आधी घरी बसून तीन गोष्टी जमवा. वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या काळात लिहायचे तसं. आडनाव तेव्हा वेगळं असू शकतं. गावाचं नाव आणि तेव्हाचा तालुका. आणि जुना सर्व्हे नंबर. हे भावाला, चुलत्याला फोनवर विचारता येतं. आजोबा शाळेत गेले असतील तर आधी त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. तो कधी कधी गावातच मिळतो. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आहेत. गावातल्या कॉलेजच्या पोरीला मोबाईलवर बघायला सांगा.

तरीही नाही सापडलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज पोस्टाने पाठवता येतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही, फक्त पुरावा जोडायचा. विषय एकच ठेवा, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, आणि 'साक्षांकित प्रत पोस्टाने हवी' असं स्पष्ट लिहा. प्रत पानाला दोन रुपये, वर टपालखर्च. कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कागद दुसऱ्या कचेरीत असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं हे त्यांचं काम, आपण हेलपाटे घालायचे नाहीत. पोस्टाची पावती मात्र जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर अपिलाला तीच कामी येते.

आणखी एक. बचत गटात विचारा, कुणाकुणाचं माहेर एकाच तालुक्यात आहे. प्रत्येकीचा अर्ज तिच्या सहीने, पण कचेरीत जाईल एकच जण, आणि तिची मजुरी सगळ्यांनी वाटून द्यायची. ग्रामसभेतही ठराव मांडा, की वर्षातून एकदा नोंदी शोधून देण्याचं शिबिर गावात घ्या. दप्तर शोधायला कचेरीचा माणूस गावात आला तर त्याचा एक दिवस जातो. आपण गेलो तर साऱ्या गावाचे दिवस जातात.

आज रात्री वहीत पणजोबांचं नाव तेवढं लिहून ठेवा. आठवत नसेल तर माहेरच्या थोरल्या माणसाला विचारा, ते माणूस आहे तोवरच.