देण्याचा अधिकार



पगार वाढला, घर मोठे झाले, मुले परदेशी स्थिरावली. तरी मनातले रितेपण जात नाही, ही तक्रार आज सुस्थित घरांतून सर्रास ऐकू येते. त्यावर सेवेचा मार्ग सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु सेवेने सुखी कोण होतो? करणारा तर होतोच. जो ती घेतो, त्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगडमधील चांपा येथे सापडते. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील नोकरदार आणि संघाचे स्वयंसेवक. त्यांना कुष्ठरोग जडला. पुढचे आयुष्य उपचार घेत आणि नशिबाला बोल लावत काढले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण आपल्याच समाजाने टाकलेल्या रुग्णांना परक्यांच्या दारी आसरा शोधावा लागतो, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. 1962 मध्ये त्यांनी चांपाजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. रुग्णानेच रुग्णांसाठी घर उभारले!

या रोगात मज्जातंतू बधिर होतात. हात पोळला तरी कळत नाही, जखमा चिघळतात, बोटे वाकतात. पूर्वी डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग काही महिन्यांत बरा होऊ लागला. मात्र बऱ्या झालेल्या माणसासाठीही घराचे दार उघडेलच, अशी खात्री नव्हती. औषधाने जंतू मरतो. शेजाऱ्यांच्या मनातील भीती मरत नाही.

अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट 1970 च्या दशकात येथे आले. त्यापूर्वी ते जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाच्या कामात होते. ते रुग्णांमध्ये राहिले, त्यांच्या पंगतीला बसले, त्यांच्या हातचे जेवले. वरवर पाहता ही लहान गोष्ट वाटते. पण ज्याच्या हातचे पाणीही कोणी घेत नाही, त्याच्या हातचे अन्न खाणे म्हणजे त्याला देण्याचा अधिकार परत करणे होय. औषधाची पुडी देणारे पुष्कळ भेटतात; आपल्याकडून काही घेणारा त्या माणसाला वर्षांनंतर भेटलेला असतो.

आश्रमाचे कामही याच रीतीने वाढले. रुग्ण शेती करू लागले, खडू तयार करू लागले, दोर वळू लागले, सतरंज्या विणू लागले. वाकलेल्या बोटांनी वळलेला दोर कोणाच्या तरी विहिरीवर उपयोगी पडतो, हे समाधान फुकट मिळालेल्या धोतरजोडीत नाही.

सेवावस्तीत वह्या-कपडे वाटून परतणाऱ्या कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा. वस्तीने दिलेला चहा आपण घेतो की घाईचे निमित्त सांगून टाळतो? आणि घरातही (हे थोडे कडू आहे) निवृत्त आजोबांना ‘तुम्ही आता काही करू नका’ असे प्रेमाने सांगून आपण त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो आणि मग ते चिडचिडे झाले म्हणून कुरकुरतो.

कात्रे गुरुजी 1977 मध्ये गेले. दामूअण्णा बापटांना 2018 मध्ये पद्मश्री लाभली. 17 ऑगस्ट 2019 रोजी बिलासपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह तेथील वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.