नकाशा कोणाच्या हाती?

मॅकआर्थर व विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरील जीवसृष्टीचे गणित मांडले. अधिवास आकुंचला की प्रजातीही घटतात; ढोबळमानाने दशांश क्षेत्र उरल्यास निम्म्याच प्रजाती तग धरतात. खाणी, धरणे व रस्ते यांनी तोडलेले अरण्य अशा बेटांसारखेच होय.

पश्चिम घाटाची संवेदनशीलता मोजताना माधव गाडगीळ समितीने सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन आखून उतार, उंची, वनाच्छादन, प्रदेशनिष्ठ वनस्पती यांचा हिशेब केला. सीमा मात्र ग्रामसभांच्या सहभागाने ठराव्यात, असा तिचा आग्रह होता. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला अहवाल सरकारने मे २०१२ पर्यंत लोकांपुढे येऊ दिला नाही. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. पुढे २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले.

माहिती दडपली की अफवेला वाव मिळतो. शेतकऱ्याला निसर्गरक्षण हे आपल्याविरुद्धचे कारस्थान वाटू लागते, आणि लाभ खाणमालकाचा होतो. म्हणून कार्यकर्त्यांनी हा अहवाल मराठीतून ग्रामसभेत वाचावा, नकाशावरील चौकोन गावकऱ्यांकडून तपासून घ्यावेत. गणित धोका दाखवते. निर्णय लोकांनीच घ्यावयाचा आहे.