चोवीस फुटांतली सोय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘सोय’ हा आपल्या भाषेतला फार मायाळू शब्द आहे. पाहुणा आला की त्याची झोपायची सोय करायची, परगावी शिकायला निघालेल्या मुलाची जेवायची सोय लावायची. माणूस नीट राहावा, एवढाच त्यातला हेतू. पुढे त्याला ‘सुख’ जोडलं गेलं, ‘सुखसोयी’ झाल्या आणि त्यांची यादी संपेनाशी झाली. सोय कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हे जमिनीवर चटकन कळत नाही, कारण इथे थोडीफार जागा वाढवता येते. ज्यांना ती इंचभरही वाढवता येत नाही, अशा माणसांविषयी आज बोलणार आहे. ही माणसं स्वतःच्या हातांनी शिडाची लहानशी नौका बांधतात आणि तिच्यातच संसार मांडून वर्षानुवर्षं समुद्रावर राहतात.

शिडाची नौका म्हटलं की आपल्याला ‘म्हादेई’ आठवते. गोव्यात बांधलेल्या त्या नौकेतून नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती ५६ फुटांची होती आणि तिच्या पाठीशी नौदल उभं होतं. मी म्हणतो त्या नौका त्याहून पुष्कळ लहान. घरामागच्या अंगणात, भाड्याच्या शेडमध्ये, कामावरून सुटल्यानंतरच्या वेळात त्या तयार होतात.

या वाटेवरचा मूळपुरुष जोशुआ स्लोकम. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन इथे एका शेतात ‘स्प्रे’ नावाची जुनी नाव पडून होती. ती त्याने जवळजवळ नव्यानेच बांधली. तेरा महिने लागले आणि साहित्याला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. ३६ फूट ९ इंचांच्या या नौकेतून १८९५ ते १८९८ या काळात तो एकटा जगाला वळसा घालून आला. असं करणारा तो पहिलाच. त्याच्याजवळचं घड्याळ पत्र्याचं होतं. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून एका डॉलरला मिळालेलं. मात्र त्याच्याजवळ पुस्तकं होती आणि ती वाचायला वेळही होता, कारण सुकाणू बांधून ठेवलं की ‘स्प्रे’ आपली वाट आपणच धरून चालायची. थर्सडे बेट ते कीलिंग बेटं हे २,७०० मैल तिने २३ दिवसांत कापले. त्यात तो सुकाणूपाशी सगळे मिळून तीन तासांहून जास्त नव्हता. निवांत झोप आणि निवांत वाचन, ही त्याची सगळ्यात मोठी सुखसोय नौकेच्या समतोलातून आलेली होती.

दुसरं उदाहरण आपल्या काळाच्या जवळचं. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने कॅलिफोर्नियात ‘सेराफिन’ नावाची लाकडी नौका बांधली आणि १९६८ साली पाण्यात उतरवली. लांबी सुमारे २४ फूट, म्हणजे आपल्याकडच्या दोन बेताच्या खोल्या एकापुढे एक ठेवाव्यात तेवढी. तीही टोकाला निमुळती. इंजिन नव्हतं, विजेऐवजी रॉकेलचे दिवे होते. या नौकेत दोघं अकरा वर्षं जगभर फिरली. मग त्यांनी दुसरी नौका बांधली, ‘तालेसिन’. ती १९८३ मध्ये तरंगली.

अकरा वर्षांच्या अनुभवानंतर माणूस नव्या घरात काय काय मागेल? त्यांनी लांबी वाढवली ती जेमतेम पाच-सहा फूट. इंजिन याही वेळी घेतलं नाही. शौचाला बादलीच ठेवली. नळ, पंप आणि नौकेच्या तळाला पाडावी लागणारी भोकं टाळली. पण बसून अंघोळ करता येईल असा छोटासा टब मात्र हट्टाने बसवला. मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. आपल्याला नेमकं कशाने बरं वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच ‘तालेसिन’मधून २००२ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला.

लहान नौकेत माणसाला काय लागतं, याचा हिशेब शरीरापासून सुरू होतो. आधी झोप. बिछाना साडेसहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असला की पुरतो. त्याहून रुंद केला तर नौका हेलकावताना झोपलेला माणूस इकडून तिकडे लोळत राहतो. म्हणून कडेला कापडी आडोसा बांधतात, पाळण्यातल्या बाळासारखा. मग बसणं. घरातल्यासारखं सगळीकडे उभं राहता यावं म्हणून केबिन उंच केली, तर ती वारा धरते आणि नौका डुगडुगते. त्यामुळे फार लहान नौकेत ताठ बसता येण्याची उंची महत्त्वाची. पाठ टेकून, डोकं न आपटता, दिव्याखाली तासभर वाचता आलं पाहिजे.

स्वयंपाक जिन्याजवळ करतात. तिथे हवा असते आणि हेलकावेही कमी बसतात. शेगडी दोन खिळींवर झुलती ठेवतात. नौका कलली तरी पातेलं सरळ राहतं. फळीच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी असते, कप घसरू नये म्हणून. गॅसची टाकी केबिनबाहेर, स्वतंत्र कप्प्यात ठेवतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर नौकेच्या तळाशी साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते.

पाण्याचं गणित तर कवितेइतकं काटेकोर. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन माणसांना दिवसाला तीन-तीन लिटर धरले, तर महिन्याला १८० किलोंचं ओझं झालं. म्हणून पायाने दाबायचा पंप लावतात, हवं तेवढंच पाणी येतं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासतात. आमची दादी तांब्याभर पाण्यात वजू करायची आणि उरलेलं मोगऱ्याला घालायची. तिला अशा नौकेवर मुळीच अडचण आली नसती.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे कोरडेपणा. माझे वडील बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात पुष्कळ घरांतला कर्ता माणूस बोटीवरच असायचा. ‘बोटीवर सुख कशात होतं?’ असं मी त्यांना एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, ‘कोरड्या गोधडीत.’ खाऱ्या पाण्याने भिजलेलं कापड उन्हात वाळतं, पण रात्री पुन्हा दमट होतं. त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून जाणकार माणूस ओले कपडे जिन्यापाशीच अडकवायची जागा करतो आणि आत हवा खेळती ठेवतो. १९३० साली पाण्यात उतरलेल्या ‘डोराड’ या अमेरिकी नौकेवरून नाव पडलेली एक पेटी असते. तीत शिरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जातं आणि हवा तेवढी आत येते. चार फळ्यांचं काम, पण पावसावादळात आतल्या माणसाला मोकळा श्वास देतं.

आता हौसेकडे येतो. बर्फ हवा म्हणून फ्रीज घेतला, फ्रीजसाठी मोठी बॅटरी, बॅटरी भरायला इंजिन, इंजिनाला तेलाची टाकी, आणि या सगळ्यांच्या वजनाने नौका चार बोटं खाली. मग ‘थोडी मोठीच बांधू’ असं ठरतं. बांधणारा चाळिशीत सुरुवात करतो आणि साठीत अजून रंधा मारत असतो. घरी बांधायला घेतलेल्या कितीतरी नौका ताडपत्रीखाली सांगाडा होऊनच राहतात. पाण्याचा थेंबही न लागता बुडालेल्या नौका म्हणायच्या त्या. आज एलईडी दिवे जुन्या बल्बच्या मानाने फारच थोडी वीज खातात, सौर पत्रेही स्वस्त झाले आहेत. ते जरूर वापरावेत. रॉकेलच्या धुरात काही पुण्य नाही. प्रश्न एवढाच की, घेतलेली वस्तू भर समुद्रात बिघडली तर आपल्याला दुरुस्त करता येईल का, आणि नाही आली तर तिच्यावाचून चालेल का?

अनुभवी बांधणारे फळी कापण्याआधी पुठ्ठे आणि हलक्या पट्ट्या उभारून खऱ्या मापाचं केबिन मांडतात. त्यात बसतात, आडवे होतात, खोटाच चहा करून पाहतात. कोपर कुठे लागतं, हात कुठे पोचतो हे बघतात. दोन माणसांचं घर असेल तर दोघंही बसून बघतात. आपल्या दोन खोल्यांच्या घरात नवं कपाट आणण्याआधी हे करून पाहायला काय हरकत आहे? जिथे ते ठेवायचं, तिथे जमिनीवर खडूने आखावं आणि आठ दिवस त्या रेषा ओलांडू नयेत. आठव्या दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, तुमची वाट अडते आहे का?